घरावर बसलं गिधाड

घाटकोपर
१५ जानेवारी

लवू,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आशीर्वाद. झालं, आता ऐक.

तू फोन उचलत नाहीस. आक्का असं नाव दिसलं की मोबाईल पालथा घालून ठेवतोस म्हणे. घाल. पत्र पालथं घातलंस तर पाठीमागेही मीच लिहिलेलं आहे. माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यातली अर्धी मास्तरांच्या गोठ्यात शेण काढण्यात गेली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस. तू मॅट्रिकला दोनदा बसलास आणि दोन्ही वेळा बसूनच राहिलास, हे मी विसरलेले नाही.

तर, आमच्या बिल्डिंगवर गिधाड आलं!

खोटं नाही सांगत. काल संक्रांत होती. इकडे संक्रांत म्हणजे पतंग, त्या दिवशी घाटकोपरात आभाळ दिसत नाही, नुसते कागद दिसतात. निधीने मला लिफ्टने गच्चीवर नेलं. निधी म्हणजे माझ्या देवेशची मुलगी. तू तिला कधी बघितलेलं नाहीस. अंधेरीला हापिसात जाते, मला जानकीच्या ऐवजी ‘जानू’ म्हणते आणि मी खपवून घेते. मी टाकीच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर तिळगुळाचा डबा. समोर आमचा सेक्रेटरी केतन. डोळ्यावर गॉगल, बोटांना चिकटपट्ट्या, तोंडाने ‘काटली, काटली’. पंप बिघडला की याचा फोन बंद असतो, पण पतंगाच्या दिवशी माणूस पहाटेपासून हजर.

एकाएकी डोक्यावर सावली आली. मला वाटलं कुणाची ताडपत्री उडाली. बघते तर टाकीवर धप्पकन गिधाड! पंखात मांजा गुरफटलेला. पंख पसरले तर आपल्या ओटीवरच्या बाकापेक्षा लांब. मान तीच ती, उघडी, म्हाताऱ्या वकिलासारखी. पाठीवर पांढरा पट्टा. पंखाला पिवळी चकती, चकतीवर नंबर, आणि पाठीवर, लवू, छोटंसं दप्तर! खांद्यातून पट्टे काढून नीट बांधलेलं. म्हटलं, बघा, गिधाडंसुद्धा शिकायला लागली. आपल्या घरात दप्तर एकट्या तुझ्या पाठीवर आणि शेणाची पाटी माझ्या डोक्यावर. दप्तराचं तू काय केलंस ते वर लिहिलंच आहे.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, डबा खाली ठेवून. किती वर्षांत बघितलं नव्हतं रे!

बाकीच्यांची तंतरली. केतन ओरडला, “आजी, मागे व्हा! कॅमेरा आहे त्याच्यावर. बॉर्डरपलीकडून आलंय!”

मी म्हटलं, “बॉर्डरपलीकडचे लोक तुझी गच्ची कशाला बघतील? वाळत घातलेल्या बनियनी मोजायला?”

मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पुढे आल्या. त्यांना शास्त्र सगळं पाठ, फक्त कचरा कुठल्या डब्यात टाकायचा तेवढं येत नाही. त्या म्हणाल्या, “गिधाड घरावर बसलं की घर सोडायचं असतं. सहा महिने. नाहीतर घरातलं माणूस जातं.”

झालं. गच्चीवरच मीटिंग. सात मजल्यांची बिल्डिंग, सोडून जाणार कुठे, देवनारच्या कचऱ्यावर? एक जण विचारतो, सगळ्यांनी सोडायचं की फक्त टॉप फ्लोअरने? केतन म्हणतो, गच्ची कॉमन एरियात येते, तेव्हा दोष सगळ्यांना सारखा वाटून घ्यायचा. मी खुर्चीत बसून पोट धरून हसत होते.

तेवढ्यात निधीने फोटो काढून कुठेतरी टाकला. उलट उत्तर आलं की ही गिधाडं आता फार थोडी उरली आहेत, हे पिंजऱ्यात वाढवून घाटावरच्या जंगलात सोडलेलं आहे, हात लावू नका, माणसं निघाली आहेत. त्यात कुणीतरी ‘जटायू’ लिहिलं. तो शब्द वाचला मात्र, तीच माणसं घरी धावली आणि ताटं घेऊन आली. दहीभात! हळदकुंकू! केतनच्या बायकोने तिळगुळाची वडी पुढे करून म्हटलं, “तिळगूळ घ्या, गोड बोला.” गिधाडाला! त्यांना वाटलं हे पिंडाला शिवणाऱ्या कावळ्याचं मोठं भावंड. मेल्यांनो, त्याला मढं लागतं, दहीभात नाही. त्याने फिस्स केलं, केतन मागे सरला आणि त्याचा गॉगल टाकीत पडला. आज सकाळी सगळ्या बिल्डिंगने गॉगलच्या पाण्याचा चहा प्यायला.

मग पाखरांच्या दवाखान्यातली माणसं आली, चादर टाकून त्याला घेऊन गेली.

आता मुद्दा. माणिकने मला सांगितलं (तिला ओरडू नकोस, तुझी बायको तुला घाबरते म्हणून माझ्याशी चोरून बोलते) की घरामागच्या परड्यातला गिधाडआंबा तू तोडायला दिलायस. तिथे होमस्टे बांधणार म्हणे. लवू, स्वतःच्या बहिणीला एक रात्र घरात ठेवलं नाहीस, आणि आता परक्यांना गाद्या घालणार?

त्या आंब्याला आपल्या आज्याच्या वेळेपासून गिधाडआंबा म्हणतात, का ते तुला माहीत आहे. दरवर्षी दोन-तीन घरटी असायची. तू खाली उभा राहायला घाबरायचास आणि माझ्या परकरात तोंड खुपसायचास.

तोडू नकोस. सांगून ठेवते.

आक्का


घाटकोपर
२३ जानेवारी

लवू,

तुझं कार्ड मिळालं. “झाड माझे आहे. लवू.” एवढं लिहायला आख्खं कार्ड फुकट घालवलंस, आणि खाली सही! जसं काही मला कळलंच नसतं की हा शहाणपणा कुणाचा.

झाड तुझं असेल. पण त्याच्यावर कुणी राहायचं, हे ठरवणारा तू कोण? बरोबर, तू ठरवतोस. घरावर कुणी बसायचं तेही तूच ठरवलं होतंस.

ते मागाहून. आधी तिची बातमी सांगते. ‘ती’ म्हणायचं, मादी आहे. बघून कळत नाही, रक्त तपासून कळतं म्हणे. मी आणि निधी तिला बघायला मुलुंडला, त्या पाखरांच्या दवाखान्यात गेलो होतो. तिथे सर्वेश म्हणून मुलगा आहे, मुलगा कसला, डोक्यावरचे केस निम्मे गेलेत, पण गिधाडांच्या मागे फिरून लग्न करायचं राहिलं. त्याची आई किती त्रासली असेल! मी त्याला आपल्या वाडीतल्या दोन पोरी सुचवल्या. तो म्हणाला, “आजी, आधी हिचं बघू.”

तिचं हाड मोडलेलं नाही, कातडी कापली होती, टाके घातले. नाव नाही, नंबर आहे. मी आपली पोरीला हाक मारावी तशी चेडू म्हणते. सर्वेश नाक मुरडतो, पण परवा त्यानेच फोनवर सांगितलं, “चेडू जेवली.”

मी जाताना देवेशला सांगून देवनारहून चांगला मऊ खिमा आणवला होता. सर्वेशने डबा उघडला आणि परत बंद केला. म्हणाला, “आजी, प्रेम इथे ठेवा, खिमा घरी न्या.” मला राग आला. गिधाडं काय खातात ते तू मला शिकवणार? आमच्या सड्यावर, उघड्या कातळावर, मेलेलं ढोर टाकलं की बघता बघता सांगाडा व्हायचा! तेव्हा त्याने मला बसवून सांगितलं, आणि लवू, मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसून ऐकलं.

गुरांना दुखण्यावर एक सुई देत. ढोर लंगडलं, सुई. ताप, सुई. ते ढोर मेलं की सड्यावर. ते मढं गिधाडाने खाल्लं की ती सुई त्याच्या पोटात. मग मान खाली घालून झाडावर बसतं, दिवसभर तसंच बसतं आणि पडतं. एकाच ढोरावर पन्नास जेवायला बसायची, पन्नास पडायची. त्या सुईवर आता बंदी आहे, पण चोरून देणारे देतातच. म्हणून कुठलंही मांस आणून घालायचं नाही, ढोर कुठलं, त्याला काय दिलं होतं, सगळं विचारून घालायचं.

आपली गिधाडं अशी गेली. तू गावभर सांगत होतास की पाप वाढलं म्हणून गेली. पाप कुणाचं, ते सांगितलं नाहीस. खालच्या वाडीतला धोंडू म्हणायचा, परदेशी लोकांनी विमानात घालून नेली. मी धोंडूला तुझ्यापेक्षा हुशार समजते, निदान त्याने विमान तरी दिलं.

खिम्याचं विचारशील तर आम्ही पावाबरोबर खाल्ला. झकास होता.

सर्वेशला मी आंब्याचं सांगितलं. त्याने टिपून घेतलं. ही पांढऱ्या पाठीची उंच झाडांवरच घरटं बांधतात, उंच झाडं आणि स्वच्छ मढं, दोनच गोष्टी लागतात, म्हणाला. “ही जगायला हवी असेल आजी, तर तिला उतरायला जागा पाहिजे.” मी छाती काढून म्हटलं, “माझ्या माहेरी आहे जागा.”

लवू, मी ‘माझ्या माहेरी’ म्हटलं. मिल बंद पडली, हे गेले, कडेवर देवेश आणि हातात ट्रंक घेऊन मी पाखाडीच्या पायऱ्या चढून आले होते, त्या दिवसानंतर हा शब्द मी वापरला नव्हता. तू अंगणात उभा होतास. मला ‘ये’ म्हणाला नाहीस. माणिकला मोठ्याने म्हणालास, मला ऐकू जावं म्हणून: “घरार गिधाड बसलां. आता येक तर घर सोडा, नायतर गिधाड उठवा.”

मी ट्रंक खालीही ठेवली नव्हती.

असो. झाड तोडू नकोस. तिला कधीतरी तिकडे जावंसं वाटलं तर?

आक्का

ता. क. कार्डावर पत्ता चुकवला होतास. घाटकोपर ‘पूर्व’ आहे, ‘पुर्व’ नाही. निधीने दाखवलं. मॅट्रिक!


घाटकोपर
१० फेब्रुवारी

लवू,

शिरा पडो तुझ्या तोंडार!

माणिकचा फोन आला. रडत होती. आंबा गेला. दोन दिवस मशीनची करवत चालली आणि तिसऱ्या दिवशी ट्रक भरून गेला. ट्रकवाल्याला वळायला जागा नव्हती म्हणून गडगासुद्धा पाडलास म्हणे. बाबांनी स्वतः चिरे रचून घातलेला गडगा.

बांध तुझं होमस्टे. येतील मुंबईची माणसं, उन्हात बसतील, आणि विचारतील की इथे सावली का नाही. सांग त्यांना, सावली ट्रकने गेली.

मी तुझ्याशी बोलणार नव्हते. पण चेडूची बातमी पोटात राहात नाही, आणि इथे ऐकणार कोण? केतन? त्याने गच्चीच्या दारावर बोर्ड लावलाय, ‘जटायू पॉइंट’. रविवारी लोक लिफ्टने वर येतात, रिकाम्या टाकीचे फोटो काढतात आणि लिफ्ट बंद पाडून जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, ज्या घर सोडायला निघाल्या होत्या, त्या आता सांगतात की पाखरू त्यांच्याकडेच बघत होतं.

चेडूला सोडलं, त्याला झाला आठवडा. मला नेलं होतं. बोरिवलीकडच्या डोंगरावर पिंजरा ठेवला, दार उघडलं, आणि ती बाहेरच येईना. मी म्हटलं, “जा गो बाय, इथे काय ठेवलंय?” तेव्हा आली. दोन उड्या मारल्या, कोंबडीसारख्या, मला हसू आवरेना. मग पंख उघडले. लवू, ती वर गेली ना, पंख न हलवता! नुसती वाऱ्यावर, गोल, गोल. जमिनीवर केवढी बेंगरूळ आणि वर गेल्यावर कशी! माझे गुडघे दुखायचे थांबले तेवढ्यापुरते.

तिच्या पाठीवरचं ते दप्तर म्हणजे ती कुठे आहे ते सांगणारं यंत्र. सर्वेश रोज संध्याकाळी निधीच्या मोबाईलवर नकाशा पाठवतो. त्याच्यावर लाल ठिपका. ठिपका म्हणजे चेडू. मी आता बातम्या बघत नाही, ठिपका बघते.

पहिले दोन दिवस कुठे बसली असेल? देवनारच्या डम्पिंगवर, घारींच्या घोळक्यात! सर्वेशच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, घाबरू नको, मुंबईत नवीन आलेलं प्रत्येक माणूस आधी कचऱ्याच्या बाजूलाच उतरतं, आम्हीही तसेच उतरलो होतो. तिसऱ्या दिवशी उठली. पनवेल, पेण, आणि मग डोंगराच्या कडेकडेने खाली. रोज थोडी थोडी खाली. दक्षिणेला.

सर्वेश म्हणतो, डोंगरावरचा वारा धरून जाते, त्यात विशेष काही नाही. मला मात्र माहीत आहे, चाकरमानी फेब्रुवारीत कोकणच्या वाटेला लागला म्हणजे शिमग्याला चाललाय.

आणि तू झाड तोडून बसलास.

आक्का


घाटकोपर
२४ फेब्रुवारी

लवू,

काल तू फोन केलास. इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि पहिलं वाक्य काय?

“आक्का, ह्यां तुझां गिधाड उठव!”

परवाच्या नकाशात ठिपका आपल्या डोंगरापर्यंत आला होता, तरी मला आधी कळेचना. मग तू सांगितलंस. घराच्या कौलांवर, बरोबर आढ्यावर, गिधाड बसलंय, पंखाला पिवळी चकती आहे, आणि ते मी मंतरून पाठवलंय. पत्रात गिधाडाचं लिहून लिहून मी तुझ्यावर सोडलं! अरे मेल्या, मला गिधाडं मंतरून पाठवता आली असती तर मी एवढी वर्षं थांबले असते का? एक नाही, पन्नास पाठवली असती, पंगत बसवली असती तुझ्या कौलांवर.

मी हसले म्हणून तू चिडलास. हसू नको तर काय करू? आंबा असता तर ती आंब्यावर बसली असती. तिला उंच जागा पाहिजे होती. आंबा तू ट्रकने पाठवलास, मग राहिलं काय उंच? तुझं आढं! सर्वेशला विचारलं तर तो म्हणतो, योगायोग. असू दे योगायोग. मला कुणी आणून दिला तर मी नाही म्हणणार नाही.

पण मग तू पुढचं बोललास आणि माझं हसू गेलं.

तुझा म्हातारा बैल तांबू मेला. पुरायचं म्हणजे कातळ फोडायला माणसं लावायला हवीत, म्हणून तू ओढून सड्यावर टाकलास. ती तिथे उतरली. पोट भरून खाल्लं. आणि तेव्हापासून तुझ्या आढ्यावर मान खाली घालून बसलीय, हलत नाही. वाडीतली पोरं फटाके आणि पत्र्याचे डबे घेऊन आलीत. “आता येक तर घर सोडूचा, नायतर ह्यां उठवूचा,” तू म्हणालास.

तेच वाक्य, लवू. शब्द थोडे हलले, बाकी तेच.

मी ओरडले, “तांबूला सुई दिली होतीस काय?” तेवढ्यात फोन गेला. परत लावला, लागत नाही. माणिकचा लागत नाही. तुमच्या गावाला होमस्टे पाहिजे, पण रेंज नको.

आज दिवसभर ठिपका तिथेच आहे. निधी हापिसातून घरी आली, चपला न काढता माझ्याजवळ बसली, आणि आम्ही दोघी त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. ठिपका हलत नाही. जिवंत असेल तरी तेवढाच लाल, मेली असेल तरी तेवढाच लाल. सर्वेश आज सकाळीच गाडीत बसलाय तिकडे यायला, अजून रस्त्यात आहे. त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. सुई दिली असेल तर आता काही करता येणार नाही. दिली नसेल, तर ती फक्त जेवून सुस्त पडली आहे, अशी दीड-दोन दिवस बसतात. पण फटाके लावले, दगड मारले, तर टाके घातलेला पंख घेऊन जड पोटाने उडेल आणि कुठल्यातरी तारेवर जाऊन आपटेल.

म्हणजे तिचा जीव आता तुझ्या हातात आहे. देवाला दुसरं कुणी सापडलं नाही.

हे पत्र तुला चार दिवसांनी मिळेल, तोवर काय व्हायचं ते झालेलं असेल. तरी लिहिते, कारण हात स्वस्थ बसत नाही. तू तिला उठवलंस ना लवू, तर ती मंतरलेली नव्हती, पण मग मी मंतर शिकेन. या वयात शिकेन.

मला उठवलंस तेव्हा मला जायला घाटकोपर तरी होतं.

आक्का


घाटकोपर
२६ फेब्रुवारी

लवू,

ठिपका हलला!

काल सकाळी सात वाजता निधी बाथरूममधून तोंडात ब्रश घेऊन ओरडत आली, “जानू, जानू, सड्यावर गेली!” मी देवासमोरचा दिवा सोडून धावले. ठिपका सड्यावर. दुपारी परत तुझ्या घरावर. संध्याकाळी देवाच्या राईत. जिवंत! मी सगळ्या मजल्यावर साखर वाटली. केतनलाही दिली. तो म्हणाला, “आजी, मग पॉइंट चालू ठेवू ना?” मी म्हटलं, ठेव, तुझी अक्कल परत आली तर उतरायला जागा लागेल.

दुपारी सर्वेशच्या फोनवरून माणिक बोलली. तिने सगळं सांगितलं, आणि मी तिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायला लावली.

आधी सुईचं. सर्वेशने तुला अंगणात उभं करून विचारलं, बैलाला शेवटी काय औषध दिलं होतं? तू मान खाली घातलीस. म्हणालास, काही नाही. डॉक्टर बोलावला नाही. म्हाताऱ्या बैलासाठी डॉक्टर कशाला? लवू, लवू! तू जन्मभराचा चिक्कू. माझ्या लग्नात अक्षता मोजून वाटणारा. तांबूला बिचाऱ्याला सुई मिळाली नाही आणि चेडू वाचली! तुझ्या कंजूषपणाने आजवर एवढं एकच पुण्य केलं, ते लिहून ठेवायला पाहिजे. सर्वेशने तुझा हात हातात घेऊन आभार मानले म्हणे. त्याला वाटलं तू जाणून-बुजून केलंस. माणिक म्हणाली, “वन्सं, हे गप ऱ्हवले, काय बोलले नाय.” कशाला बोलशील!

पण मग तिने दुसरं सांगितलं. माझा फोन कटला, त्यानंतरचं.

पोरं फटाक्याची माळ काठीला बांधून तयार होती. शेजारचा काशीराम म्हणाला, “लवूदा, उठव, नायतर घर सोडूचा लागतला.” तू ओटीवर उभा होतास. मग आत गेलास, चटई आणि कांबळं घेतलंस, बाहेर आलास, आणि म्हणालास, “सोडतंय.”

काशीरामला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “काय?”

“घर सोडतंय म्हटलंय. येकदा उठवलंय. आता नाय. फटाके घरी न्या.”

आणि तू परड्यातल्या मांगरात, त्या खोपटात, जाऊन पेंढ्यावर झोपलास. दोन दिवस तिथेच आहेस. जेवायलाही घरात येत नाहीस, माणिक ताट घेऊन येते. तिला मात्र घरातच ठेवलंयस. दोष फक्त घराच्या धन्याला लागतो, असं तूच ठरवलंस म्हणे. शास्त्रसुद्धा स्वतःच्या सोयीने कापतोस, आंब्यासारखं.

माणिक रडत रडत विचारत होती, “वन्सं, सहा म्हयने हे मांगरात ऱ्हवतले काय?” मी म्हटलं, ऱ्हवू दे गो. हवा चांगली असते.

लवू, मी काल रात्री नीट जेवले. निधी म्हणते मी झोपेत हसत होते. तू मूर्ख आहेस, घाबरट आहेस, झाड तोडलंस, बाबांचा गडगा पाडलास, हे सगळं तसंच्या तसं आहे, त्यातलं मी काही कमी करणार नाही. तुझ्या होमस्टेच्या पायावर मी येऊन थुंकेन. पण फटाके घरी पाठवलेस ना. एवढं तुला कसं सुचलं रे?

सर्वेश महिनाभर गावात राहणार आहे. सड्यावर जागा ठरवून, सुई न दिलेलं ढोरच तिथे टाकायचं असं तो वाडीला समजावतोय. त्याला उपाशी ठेवू नकोस, त्याला कुळथाची पिठी आवडते. आणि वाडीतल्या त्या दोन पोरी त्याच्या समोरून एकदा जाऊ देत. देवाची राई अजून उभी आहे, तिथे तुझी करवत पोचत नाही, तेव्हा चेडूला झाड मिळेल. पण सध्या तिला तुझं आढंच आवडलंय. संध्याकाळी राईत जाते, सकाळी ऊन खायला तुझ्या कौलांवर. येऊ दे. कौल फुटलं तर बदलू नकोस, तेवढं तुला जमेलच.

आणि ऐक. देवेशने माझं तिकीट काढलंय, शिमग्याला येते. निधी पण येतेय. ट्रंक नाही, चाकाची बॅग आहे आता, पण पाखाडीवर ती उचलावीच लागेल, तेव्हा खाली उतरून उभा राहा. अंगणात उभा राहू नकोस. अंगणात उभा असलास तर मी तिथूनच परत फिरेन, हे लक्षात ठेव.

माणिकला सांग, ओटीच्या आतली खोली झाडून ठेव. तू मांगरातून बाहेर यायची घाई करू नकोस. सहा महिने म्हणजे सहा महिने, शास्त्र आहे. घर रिकामं पडायला नको म्हणून मी राहते.

गिधाडं दोन, वर एक, खाली एक.

आक्का